नाना, ते ताट होतं

नाना, तुम्ही गेलात आणि शेठ रडला. मला त्यातच सगळं कळलं. कामगार मेल्यावर मालकाच्या डोळ्यांत पाणी येतं, तेव्हा त्या कामगारानं आयुष्यभर मालकाचं काहीतरी वाचवलेलं असतं.

गंधमुक्तीला, दिवसकार्याच्या शेवटी, नवागामच्या आपल्या गल्लीत मांडव पडला होता. गल्लीच्या तोंडाशी तुमचं बॅनर. त्यावर तुमचा फोटो बशीएवढा आणि शोकाकुल मंडळींचे फोटो परातीएवढे. शेठ पांढऱ्या कपड्यांत आला, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला, रुमालानं डोळे पुसले. "आवो माणस हवे नहीं मळे," म्हणाला. असा माणूस आता मिळणार नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मग त्यानं भूषणला, तुमच्या मुलाला, खुर्चीजवळ बोलावलं आणि खालच्या आवाजात विचारलं, की लूमच्या खात्यात मशीनवरची झाकणं ढिली झालीत, खडखडतात, आता ती कोण बघणार? तुमच्या फोटोवरचा हार अजून ओला होता.

म्हणून हे लिहितेय. "देवमाणूस गेला" असं लिहायला पुष्कळ जण आहेत. माझं तुमच्याशी भांडण आहे आणि ते अर्धवट टाकून तुम्ही निघून गेलात. सकाळी चहाचा कप हातात, छातीत कळ, आणि दवाखान्याच्या वाटेवर रिक्षातच संपलात. भांडणातून उठून जायची तुमची सवयच होती. मी बोलायला लागले की तुम्ही हातोडी उचलायचा. ठक ठक सुरू झालं की माझा आवाज कुणाला ऐकू जाणार? या वेळी मात्र हातोडी फळीवर पडलेली आहे. आता ऐका.

तुम्ही लिंबायतच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, जॉबर होतात. लूम बंद पडला की तो चालू करून देणारा माणूस. दिवसभर लोखंडाशी झटून घरी यायचा, चहा प्यायचा आणि पुन्हा लोखंडच घेऊन बसायचा. आपल्या चाळीच्या गॅलरीत, संडासाच्या रांगेला अडचण होईल अशा बरोबर जागी, तुमचं दुकान. ऐरण म्हणून मोडक्या मशीनचा एक ठोकळा. बाकी सगळं भंगार. तेलाचे डबे, फुटक्या कूलरचा पत्रा, बुडाला भोक पडलेली पातेली, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. पत्र्याला पत्रा लावायचा तर खाली एक मोठा नट ठेवायचा, त्याच्या भोकावर दोन्ही पत्रे धरायचे आणि खिळा आरपार मारायचा. त्या भोकात ॲल्युमिनियमच्या तारेचा तुकडा घालून त्याचं डोकं आधी सरळ ठोकायचं, मग गोल गोल तिरकं, टोपी बसेपर्यंत. झालं रिबीट. जिथं रिबीट मारायला जागा नाही तिथं दोन्ही कडा दुमडून एकमेकींत अडकवायच्या आणि चपट्या करायच्या. वेल्डिंगचं नाव काढलं की तुम्हाला राग यायचा.

"कोपऱ्यावर वेल्डिंगवाला बसलाय. एका ठिणगीत होईल. कशाला गल्लीची झोप उडवता?" असं मी म्हटलं की तुम्ही म्हणायचा, "पातळ पत्रा आहे. तो जोडणार नाही, जाळून भोक पाडेल. आणि स्टीलला ॲल्युमिनियम चिकटवून दाखव म्हणावं."

"मग नवीन घ्यायचं."

"पत्रकवाली बाई, नवीन कोण घेऊन देतं?"

पत्रकवाली. माझं मनीषा हे नाव तुम्हीच ठेवलं होतं आणि तुम्हीच ते टाकून दिलं. मी कामगार संघटनेत गेल्यापासून पत्रकवाली. चुलत्यानं पुतणीला हाक मारायची ही पद्धत. पण एकदा तुम्ही आणखी एक बोलला होतात. "वेल्ड केलं की सुटत नाही. सांधा असा हवा की उद्या कुणाला वाटलं तर उकलता येईल." मी तेव्हा हसले होते. शेठलाही नेमकं तेच आवडतं, म्हटलं होतं. सगळं तात्पुरतं.

पहिलं झाकण तुम्ही काकूसाठी केलंत. ते मी विसरलेले नाही. काकू त्याच खात्यात धाग्याच्या कांड्या भरायच्या मशीनवर बसायची, अजूनही तिथंच आहे. एका बाजूला मोटर, तिच्यावरून पट्टा, पट्ट्याच्या टोकाला फिरतं चाक आणि चाकावर काहीही नाही. उघडं. एका दुपारी तिचा पदर पट्ट्यात गेला. शेजारच्या सुनंदाताईंनी धावत जाऊन भिंतीवरचा मेन स्विच पाडला म्हणून काकू आज आहे. साडी कंबरेपर्यंत फाटली, मानेवर काळा वळ उठला. शेठनं चहा मागवला. चहा! खात्यावर देखरेख करणाऱ्या मास्टरनं सांगितलं, "काकी, पल्लू खोंसके बैठा करो." चूक पदराची ठरली.

आणि तुम्ही? तुम्ही शेठकडे गेला नाहीत. तुम्ही घरी आलात, काकूच्या लग्नातली परात मांडणीवरून काढली आणि रविवारभर गॅलरीत ठोकत बसलात. स्टीलची खोल परात, तिच्या काठाला तेलाच्या डब्याचे पत्रे रिबीटनं जोडून लांब कान काढले, कानांना भोकं पाडली आणि सोमवारी ती मशीनच्या सांगाड्याला नट-बोल्टनं बसवली. नटावर नट, म्हणजे थरथरून ढिला पडायला नको. मध्ये ट्यूबचा रबर, म्हणजे वाजायला नको. चाक परातीच्या पोटात, पट्टा कानाखाली. परातीवर मशीननं कोरलेलं नाव तसंच होतं. 'मामाकडून चि. लीला हिस सप्रेम भेट.'

चांगलं काम होतं. मी कधी नाही म्हटलं? पण एवढ्यावर थांबला असतात तर ती एका नवऱ्याची गोष्ट राहिली असती. तुम्ही थांबला नाहीत. दुसऱ्या दिवशी सुनंदाताई ताट घेऊन दारात. मग तिसरी, मग चौथी. आपल्याकडे लग्नात भांडी येतात तीही कोणाकडून आली ते कोरून. त्यामुळे फुटकं ताटसुद्धा बाई भंगारात घालत नाही, भावाचं नाव भंगारात कसं घालायचं? ती सगळी नावं तुमच्या गॅलरीत आली आणि तिथून खात्यात गेली. भावाकडून, मावशीकडून, मित्रमंडळाकडून. वर्षभरात कांडी मशिनींच्या रांगेत एकही चाक उघडं राहिलं नाही. लूमच्या बाजूची दातेरी चाकंसुद्धा कुणाच्या तरी लग्नात मिळालेल्या थाळ्यांनी झाकली गेली. दसऱ्याला मशीनला हळदकुंकू लावायचं, तर बायका तुमच्या झाकणांनाही लावायला लागल्या. हळदकुंकू लागलं की वस्तू कायमची होते. मग ती काढा म्हणणारा पापी.

तो पापी म्हणजे मी.

आमची मागणी साधी होती, पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलेली होती. प्रत्येक मशीनला मालकाच्या खर्चानं पक्कं कव्हर. प्रत्येक मशीनजवळ बसल्या जागी हात पोचेल असा स्विच. ती पत्रकं मी खात्याच्या दाराशी वाटत होते तेव्हा बायका काय म्हणायच्या, माहीत आहे तुम्हाला. "नानांनी केलंय की!" पत्रक घडी करून पोळीच्या डब्यात. एकीनं तर माझ्यासमोर त्याच्यावर लोणचं काढून ठेवलं. शेठला माझ्याशी एक शब्द बोलावा लागला नाही. तुमची ताटं बोलत होती.

आणि मग साहेब आला. कारखाने तपासणारा. आम्ही तक्रारीमागून तक्रार केली तेव्हा कुठे एकदाचा आला. मला आत सोडलं नाही, मी दाराच्या जाळीला नाक लावून उभी होते. शेठ त्याला रांगेतून फिरवत होता. बघा साहेब, हे झाकलेलं. तेही झाकलेलं. साहेबानं एका झाकणावर बोट वाजवलं आणि विचारलं, "ये किसने लगाया?" शेठनं तुमच्या खांद्यावर हात ठेवला. "हमारा जॉबर है. घर का आदमी."

साहेब तुमच्याकडे बघत होता, नाना. त्याच्या मागेच काकूची परात होती. त्याला मराठी येत नसेल, पण तुम्हाला हिंदी येत होतं. एक वाक्य. साहेब, हे कव्हर नाही, हे माझ्या बायकोच्या लग्नातलं भांडं आहे. बस. एवढं बोलला असतात तर त्याच्या कागदावर दुसरं काही लिहावं लागलं असतं.

तुम्ही मान डोलावलीत.

साहेब गेला. तक्रार बंद झाली. 'संरक्षक कव्हर आढळले.' ही ओळ मला अजून झोपेतून उठवून म्हणायला लावली तरी म्हणेन.

संध्याकाळी मी गॅलरीत आले ती चपलाही न काढता. तुम्ही कुणाच्या तरी कूलरचा पाय जोडत होतात.

"तोंडात काय होतं तुमच्या? गुटखा?"

"हळू बोल. लोक ऐकतात."

"ऐकू दे. सांगायचं होतं ना, की हे ताट आहे!"

"सांगितलं असतं. मग?"

"मग त्यानं शेठला नोटीस दिली असती."

"आणि झाकणं?"

"ती काढायला लावली असती. नियमात बसत नाहीत."

तुम्ही हातोडी खाली ठेवलीत. तसं तुम्ही फार क्वचित केलं असेल. म्हणालात, "काढली. नोटीस गेली. शेठ कोर्टात गेला, नाहीतर आज आणतो उद्या आणतो म्हणाला. तेवढे दिवस तुझी काकू कुठल्या पट्ट्यापुढे बसणार? सांग. पत्रकात लिहिलंय का ते?"

मी म्हटलं, "तुम्ही शेठचे चमचे आहात."

"असेन. चमचा तर चमचा. पट्ट्यापुढे कोण बसणार ते सांग."

मी तुम्हाला आणखी काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. ते मी परतही घेत नाही. पण तुमचा प्रश्न तिथेच राहिला, कूलरच्या पायाशी. मी उठून गेले आणि पाठीमागे ठक ठक सुरू झालं.

त्यानंतर आपण किती तरी दिवस बोललो नाही. एका चाळीत, समोरासमोरच्या दारांत राहून न बोलणं ही केवढी मेहनत असते! तुम्ही अंघोळीला निघालात की मी आत. मी पाण्याला निघाले की तुम्ही पेपर तोंडासमोर. मधल्या मधे काकूचे हाल. ती वाटीभर भाजी घेऊन यायची आणि नवऱ्याचं नाव न घेता सांगायची, "आज वांगं कोनी आनं ते इचारू नको, खाय."

याच काळात माझा भोंगा मोडला. हातात धरायचा तो, ज्याच्यातून मी खात्यांच्या दारांवर ओरडते. एका खात्यापुढं धक्काबुक्की झाली आणि त्याचा दांडा मुळातून तुटला. आमच्या कार्यालयात नवीन घ्यायची चर्चा सुरू झाली, म्हणजे तो येणार नाही हे नक्की झालं. मी तो दाराशी टाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर तो माझ्या खिडकीत उभा. दांड्याच्या दोन तुकड्यांवरून स्टीलची पट्टी फिरवलेली, दोन्ही बाजूंनी रिबीट, आणि पट्टीची कड आत दुमडलेली, हाताला लागू नये म्हणून. कुणाच्या तरी ताटातून कापलेली पट्टी. तिच्यावर कोरलेल्या अक्षरांतला एकच शब्द आख्खा राहिला होता. 'सप्रेम.' तुम्ही तो मुद्दाम ठेवला असं काकू म्हणते. मी म्हणते, पत्रा जिथं चांगला होता तिथं तुम्ही कापला. तुम्ही अक्षरं बघणारे नव्हता, जाडी बघणारे होता.

पण तो दांडा अजून हललेला नाही. त्याच भोंग्यातून मी तुमच्या खात्याच्या दाराशी उभी राहून ओरडले, की घरची भांडी मशीनला बांधून बायकांचे जीव वाचवायची वेळ आणणाऱ्या मालकाचा धिक्कार असो. तुम्ही सुट्टी होऊन बाहेर येत होतात. माझ्यासमोरून गेलात. भोंग्याकडे बघितलंत, माझ्याकडे नाही. दांडा धरलाय ना नीट, एवढंच बघितलंत. एवढा राग मला आयुष्यात कुणाचा आला नसेल. आणि तरीही आवाज त्या दिवशी शेवटच्या लूमपर्यंत पोचला. त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते. मानले. पुढे.

गंधमुक्तीच्या दुपारी शेठ गेल्यावर भूषण म्हणाला, "रविवारी जाऊन येतो. नट आवळायला कितीसा वेळ लागतो?"

इच्छापोरला ठेक्यावर काम करणारा तुमचा मुलगा. आठवड्यातून एक सुट्टी, तीही तो शेठला द्यायला निघाला होता. मी मांडवातच ओरडले, "बाप दिला तेवढा पुरे नाही का?"

"मने, आज तरी तोंड बंद ठेव. वडलांचं काम आहे ते. पडू देऊ का?"

"हो! पडू दे!"

"आणि पडलं की आईचा पदर जाईल, तेव्हा तुझं पत्रक घेऊन ये." तो तुमचाच मुलगा आहे, नाना. तुमचाच प्रश्न, तसाच्या तसा, त्याच जागी बोट ठेवून. मांडवातली माणसं बुंदी खाता खाता आमच्याकडे बघत होती.

काकू भिंतीला टेकून बसली होती. ती एकदम म्हणाली, "पान्हा कथा शे?"

पान्हा कुठे आहे. भूषणला वाटलं, त्याच्यासाठी विचारतेय. त्यानं तुमच्या फळीवरून काढून दिला. काकूनं तो पदराला पुसला आणि कामावर न्यायच्या पिशवीत ठेवला, डब्याच्या बाजूला.

सुतक फिटल्यावर ती कामावर गेली. मी तिच्यासोबत दारापर्यंत. आत जायची मला परवानगी नाही, मी पुन्हा त्याच जाळीशी. मला वाटलं ती आवळणार. सुनंदाताईंनाही तसंच वाटलं, त्या म्हणाल्या, "आण वहिनी, मी धरते." काकूनं भिंतीवरच्या खटक्यानं आपली मोटर बंद केली, पान्हा लावला आणि फिरवला. उलटा. वरचा नट निघाला. मग खालचा. रबर काढून तिनं कनवटीला खोचला. परात दोन्ही हातांनी उचलली आणि मांडीवर घेऊन बसली. समोर चाक उघडं.

मास्टर धावत आला. "काकी! ये क्या कर रहे हो?"

"हाई परात शे मन्ही," काकू म्हणाली.

"मतलब?"

"मन्हा मामानी दिन्ही. घर ली जास."

माझी परात आहे, माझ्या मामानं दिली, घरी नेते. मास्टरला अहिराणी कळत नव्हती, पण परात कळत होती. त्यानं शेठला फोन केला. तोवर सुनंदाताईंनी आपली मोटर बंद केली. "वहिनी, झाला की पान्हा इकडे." आणि मग ती रांग! एकच पान्हा आणि इतक्या बायका. तुम्ही असता तर म्हणाला असता, एक एक करा, नट हरवतील. कुणी नाव वाचतंय, कुणी भांडतंय. "ए, हे माझ्या भावाचं." "तुझ्या भावानं एवढं जड दिलंय? बघू!" एकीनं झाकण फिरवून वाचलं आणि परत मशीनवर ठेवलं. "नणंदेनं दिलेलं आहे, राहू दे इथंच." सगळ्या हसल्या. नवरा वारल्यावर पहिल्यांदाच कामावर आलेली काकू, तीही हसली. मग नणंदेचं ताट परत ठेवणारीनंही ते काढून घेतलं.

शेठ आला. त्या दिवशी डोळे कोरडे होते. "लीलाबेन, आ शुं करो छो?"

काकू उठली. इतक्या वर्षांत ती शेठशी थेट बोललेली मी ऐकलं नव्हतं. "मारी थाळी छे, शेठ. घेर लई जाउं छुं."

"पण मशीन?"

"मशीन तमारुं छे."

थाळी माझी आहे, घरी नेते; मशीन तुमचं आहे. नाना, ते वाक्य. जे साहेबासमोर तुमच्या तोंडातून निघालं नाही, ते हे. मी जाळीला धरून उभी होते. भोंगा हातात होता आणि मला तो वाजवायचं सुचलं नाही.

आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर? ते शेठनंच विचारलं म्हणून मिळालं. तो म्हणाला, कव्हर येतील, पण तोपर्यंत काम तर चालू ठेवा. सुनंदाताई म्हणाल्या, "तोपर्यंत आम्ही नाही बसणार." उघड्या पट्ट्यापुढे कोण बसणार, तर कुणीच नाही. इतकं सोपं होतं ते. मला का सुचलं नाही, तुम्हाला का सुचलं नाही, कोण जाणे. तुम्ही झाकायचा विचार करत होता आणि मी ओरडायचा. बसायचं की नाही हे बसणाऱ्यांना आपण दोघांनी कधी विचारलंच नाही.

सोपं म्हटलं, पण सोपं चाललेलं नाही. कांड्या भरल्या जात नाहीत म्हणून लूमही एकेक थांबताहेत. लूमवरचे लोक आपल्या चाळीत येऊन काकूला बोलून जातात, की तुमच्या परातीपायी आमची मजुरी बुडतेय. त्यांच्या घरीही चुली आहेत, त्यांना मी काय सांगू? भूषण माझ्याशी बोलत नाही. "बाप जळून राख झाला नाही तोवर त्याचं काम उसकटलंत," म्हणाला. शेठचा एक माणूस येऊन चाकांची मापं घेऊन गेला. मापं घेतली म्हणजे कव्हर आली असं नाही, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. काकू म्हणते, बसेपर्यंत बसणार नाही. कव्हर बसेपर्यंत, ती बसणार नाही.

लोक आता नवीन गोष्ट सांगायला लागलेत. म्हणे, नानांनी नट-बोल्ट मुद्दामच लावले होते. एक दिवस बायका उठतील आणि काढून नेतील हे त्यांना ठाऊक होतं. आमच्या संघटनेतला एक जण तर यावर पत्रक काढायचं म्हणतोय. मी त्याला सांगितलं, माझ्या काकांबद्दल खोटं छापायचं नाही. तुम्ही तेल घालायला सोपं जावं म्हणून नट-बोल्ट लावले होते. तुम्ही शेवटपर्यंत मान डोलावणारेच होतात. मेलेल्या माणसाला लढवय्या करून टाकणं ही शेठच्या रडण्याइतकीच लबाडी आहे. मी तुमच्यावर रागावलेली आहे आणि मला तो राग कुणी हिसकावून घेऊ नये.

वेल्डिंग केलं असतंत तर मात्र ती परात आज खात्यातच राहिली असती. एवढं खरं आहे. तेवढंच लिहिते.

परात घरी आली आहे. नट-बोल्ट सुटले, पण तुमची रिबिटं सुटली नाहीत. काकूनं खिळा लावून बघितला, मी पकडीनं ओढून बघितलं. तेलाच्या डब्याचे ते लांब कान परातीला तसेच चिकटून आहेत. मांडणीत ती मावत नाही. आडवी ठेवली की कान बाहेर येतात आणि येता-जाता माझ्या कोपराला लागतात.

काल काकूनं तिच्यातच पीठ मळलं. मी म्हटलं, दुसरं भांडं घे, हिला ग्रीस लागलंय. ती म्हणाली, राखेनं घासली आहे. एक कान तिनं पायाखाली दाबला, एक मला धरायला लावला, आणि मळायला लागली. तिनं सगळा जोर लावला. मी कानाला हात लावून बघत होते, कुठं तरी हलेल, कुठं तरी खडखडेल.

हललं नाही, नाना.